डावीकडचा आवाज

दिवाळीला लोक दारात कमळ काढतात, मोर काढतात, लक्ष्मीची पावलं काढतात. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये काशीभाऊ भोईर गाडीच्या पुढच्या चाकाचा लोअर आर्म काढतात. बरं, त्याला दिवाळीच लागते असं नाही. गाडी उघडायची म्हटली की आधी रांगोळी, मग पाना.

कोबा झाडून घ्यायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचा. मग चिमटीतून बारीक धार सोडत चाकामागचा एकेक भाग खऱ्या मापाचा काढायचा. हा आर्म, हा त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, हा शॉकअप, ही रबराची बुशं, हे बोल्ट, हे नट, हे वायसर. मग गाडीतून जो भाग निघेल तो आपापल्या आकृतीत नेऊन ठेवायचा. "बोल्ट आपल्या घरात गेला पायजे," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. संध्याकाळी गाडी जोडून झाली की कोब्यावर रिकामी घरं उरतात. एकाही घरात काही उरलेलं नाही ना, हे बघूनच काशीभाऊ हात धुतात.

आमचं हे नायगाव पूर्व. काशीभाऊ मूळचे शेजारच्या जूचंद्र गावचे. त्या गावात म्हणे मूल पाटीआधी रांगोळी गिरवतं. तिथले लोक रांगोळीत माणसाचा चेहरा असा काढतात की फुंकर मारायला भीती वाटावी. काशीभाऊंनी मात्र आयुष्यभर एका कारखान्यात यंत्रं सांभाळली, निवृत्त होऊन आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले, आणि मला सुखाने जगू देईनासे झाले.

आता खोटं कशाला बोलू, हे व्यक्तिचित्र मी प्रेमापोटी लिहायला घेतलेलं नाही. मला या माणसाचा हेवा वाटतो. अगदी पोटात दुखण्याइतका. मी सावंत, तिसऱ्या मजल्यावर राहतो, फोर्टच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, आणि माझ्या चार वर्षांच्या गाडीला आठ दिवसांतून एकदा फडकं मारतो. तेवढ्यावर मला चारचौघांत इज्जत होती. काशीभाऊंची तेवीस वर्षांची पांढरी गाडी पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली आणि ती इज्जत गेली.

सुरुवात नारळापासून झाली. माझ्या गाडीत पुढून 'गडड्... ठप्' असा आवाज यायचा. गॅरेजमध्ये दोनदा दाखवली. पहिल्यांदा बुशं बदलली, दुसऱ्यांदा शॉकअप. आवाज जिथल्या तिथे. तोपर्यंत पार्किंगमध्ये मी 'माझ्या सस्पेन्शनचा जरा इश्यू आहे' असं मधुमेह असल्यासारखं भारदस्तपणे सांगत असे.

एका सकाळी काशीभाऊ आले. पांढरी लेंगा-बंडी, कानामागे खोचलेली पेन्सिल. म्हणाले, "सावंतसायेब, गाडी चालवा. हलू हलू."

मी चालवू लागलो. ते गाडीला हात लावून, डोळे मिटून शेजारून चालत होते. आजाऱ्याला संडासाला नेतात तसे. गेटपाशी डोळे उघडून म्हणाले, "सस्पेन्शन बरं हाय. नारल हाय."

"काय आहे?"

"नारल. आनि पुढं नाय, मागं."

डिकीतलं जादा चाक उचललं. खाली नारळ. चार वर्षांपूर्वी गाडीच्या पूजेत मीच ठेवलेला. शेंडी झडलेला, करवंटी गुळगुळीत झालेला. तोवर बाल्कनीत माणसं जमली होती. सगळ्यांत मोठ्याने हसली ती आमची शुभदा, माझी धर्मपत्नी.

"गाडी बोलते," काशीभाऊ मला समजावत होते, "आपन ऐकत नाय. आवाज पैले, पाना मंग."

त्या दिवसापासून आमच्या घरी ते वाक्य सुरू झालं. मिक्सर बंद पडला, "आवाज पैले, पाना मंग." माझ्या गुडघ्याने कट्कन आवाज केला, "काशीभाऊंना दाखवा." शुभदा पुरणपोळी करते तेव्हा पहिली देवाला जाते, दुसरी तळमजल्याला, आणि मला मिळते ती तव्याच्या कडेला करपलेली. आमची ऋचा बारावीत आहे. बापाने अभ्यासाचं विचारलं की कानात बोंडं घालते. तीच पोरगी रविवारी सकाळी काशीकाकांच्या शेजारी उकिडवी बसून बुश म्हणजे काय हे ऐकत असते.

"हे बघ, पोरी. लोखंडावर लोखंड आपटलं का भांडन. म्हनून मधी रबर. घरात नाय का, तुजी आई मधी असते?"

"म्हणजे आई बुश?" ऋचाने विचारलं.

"बुशच. आनि बुश फाटलं का पैले कोनाला कलत नाय. मंग एकदम कलतं."

हे शुभदाला कळलं तेव्हा ती रागावेल अशी माझी आशा होती. ती आठवडाभर खुशीत होती. मी लग्नाच्या वाढदिवसाला तिला 'माझा आधारस्तंभ' म्हटलं होतं, तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली होती.

मीही गप्प बसलो नाही. सेहेचाळीस नगांचा पाना-सेट आणला. त्याची पेटी उघडली की गोटी पाने असे रांगेत चमकतात की हात लावायचं धाडस होत नाही. मी लावलाही नाही. रविवारी पेटी घेऊन खाली जायचो आणि काशीभाऊंच्या शेजारी ती उघडी ठेवून उभा राहायचो. ते त्यांचे जुने, तेलकट, एकावर रंगाचा ठिपका, एकावर सुतळी बांधलेले पाने वापरायचे. माझ्याकडे बघून म्हणायचे, "सायेब, जरा बॅटरी धरा, उजेड पडत नाय." पाच महिने मी बॅटरी धरली. एवढ्या शिक्षणावर!

पण देव मत्सरी माणसालाही कधीतरी दिवस दाखवतो. मला काशीभाऊंच्या गाडीत खोट सापडली.

झालं असं, की काशीभाऊंनी आपल्याच गाडीच्या पुढच्या भागाचं मोठं काम काढलं. दोन्ही बाजूंचे आर्म, जॉइंट, बुशं, शॉकअप, सगळंच झिजलं होतं. नव्या भागांची खोकी आली. शुक्रवारी सुट्टी होती, तेव्हा रांगोळी पडली. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. दोन दिवस काम चाललं आणि दोन दिवस मी बॅटरी धरून होतो.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रांगोळी फक्त उजव्या बाजूची होती. डावीकडचा कोबा स्वच्छ पुसलेला, पण कोरा. डावीकडचे भाग काशीभाऊ एका परातीत काढून ठेवत होते.

"डाव्या बाजूची नाही काढत?" मी विचारलं.

"डावी पाठ हाय," ते म्हणाले आणि गाडीखाली सरकले.

काम संपत आलं. डावीकडे शेवटचा भाग राहिला, लिंक रॉड. वीतभर लांबीचा दांडा, दोन्ही टोकांना वाटाण्याएवढा नव्हे, चांगला पेढ्याएवढा गोळा. काशीभाऊंनीच ऋचाला सांगितलं होतं, "ह्या चाकाला त्या चाकाची खबर देनारा दांडा." उजवीकडे त्यांनी नवी लिंक लावली. डावीकडे परातीतली जुनीच उचलली. तिचा गोळा बोटाने हलवला तरी हलत होता. नवी लिंक खोक्यात तशीच.

"काशीभाऊ, ही राहिली!" माझा आवाज आनंदाने चिरकला असावा.

"ऱ्हाऊ दे."

"अहो, पण जुनी खिळखिळी झालीय. वाजेल."

"वाजू दे. लिंक वाजली म्हनून गाडी मरत नाय. आर्मचा जॉइंट वाजला तर मरते. ही नुसती बोलते."

आणि खरंच, एवढं सगळं नवं करून गाडी बाहेर काढली तर गेटच्या स्पीडब्रेकरवर डावीकडून 'खट्-खट्'. दोनदा, स्पष्ट. दारावर कोणी टकटक करावी तसं.

मला झोप गोड लागली. दुसऱ्या दिवशी मी जिना उतरता-चढता भेटेल त्याला सांगत सुटलो. "जगाच्या गाड्यांचे आवाज काढतात, स्वतःची मात्र खटखटते!" कोणी मनावर घेईना. सेक्रेटरी म्हणाले, "त्यांना माहीत असेल काहीतरी." वॉचमन म्हणाला, "तो आवाज आला की मला कळतं, काशीभाऊ आले." शुभदा म्हणाली, "तुम्ही रात्री घोरता. मी काय सोसायटीत सांगत फिरते का?"

मग मी ठरवलं, तो आवाज मीच घालवायचा. म्हणजे काशीभाऊंना जे जमलं नाही ते सावंतांना जमलं, असं एकदा तरी म्हटलं जाईल.

संधी चालून आली. काशीभाऊ आणि वंदनावहिनी मुलीकडे पेणला तीन दिवस एसटीने गेले. पार्किंगमधल्या टाकीची सफाई होती, म्हणून गाडी हलवायला किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. नवी लिंक डिकीतच होती, खोक्यासकट. मी रजा टाकली. घरी सांगितलं, ऑडिट आहे म्हणून सुट्टी दिली. ऑडिट असलं की सुट्टी देत नाहीत, उलट रविवारी बोलावतात, हे शुभदाला वीस वर्षांत कळलेलं नाही याचा तो एक दिवस फायदा झाला.

लिंक बदलायला दोन नट काढायचे असतात. काशीभाऊंना वीस मिनिटं लागतात. मला चार तास लागले. पहिला तास कुठला पाना ते शोधण्यात गेला. सेहेचाळीस नगांत लागणारा नेमका नव्हता, वॉचमनच्या सायकलवाल्या भाच्याकडून आणला. दुसरा तास मी नट उलटा फिरवत होतो. तिसऱ्या तासात कॉलेजातून ऋचा आली, मला चाकाशेजारी आडवा बघून आधी घाबरली आणि मग तिने मोबाइलवर कृती शोधून मला वाचून दाखवली. चौथ्या तासाला लिंक बसली. दोघांनी मिळून नट तीन-तीनदा आवळले. माझी बोटं सोललेली, शर्टाला ग्रीस, आणि पोरगी म्हणाली, "बाबा, मस्त."

पाच महिन्यांत पहिल्यांदा! मी गाडी गेटवरून नेली. आवाज नाही. परत नेली. काही नाही. लोण्यावरून सुरी फिरावी तशी गाडी. जुनी लिंक मी वर्तमानपत्रात गुंडाळून पाना-सेटच्या पेटीत ठेवली. शिकाऱ्याने वाघनख ठेवावं तशी.

काशीभाऊ शनिवारी परतले. मी किल्ली दिली आणि काही बोललो नाही. मला रविवार हवा होता.

काशीभाऊंचा रविवारचा एक नेम होता. बरोबर दहाला गाडी काढायची, एकट्याने जूचंद्रला जायचं, आणि पाऊण तासाने मासळी घेऊन परत यायचं. मासळी आमच्या गेटसमोरही मिळते, जास्त ताजी. पण पाऊस असो, ताप असो, रविवारी दहा म्हणजे दहा.

त्या रविवारी मी आधीच गाडीपाशी उभा होतो. "काशीभाऊ, आज मीही येतो. निवट्या घ्यायच्यात."

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "बसा."

गेटचा स्पीडब्रेकर आला. गाडी चढली, उतरली. काही नाही. मी समोर बघत होतो, पण माझं सगळं अंग हसत होतं.

काशीभाऊंनी ब्रेक मारला. गाडी मागे घेतली. परत पुढे. परत काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

"तुमी?"

"मीच!" मी म्हणालो. "एकट्याने. म्हणजे ऋचाने वाचून दाखवलं. बघा, आवाज गायब!"

मला शाबासकी हवी होती, निदान कबुली तरी. काशीभाऊंचा चेहरा मात्र असा झाला की जणू मी त्यांच्या घरातलं माणूस परस्पर कुठेतरी पोचवून आलो. पण माणूस शेवटी सज्जन. खाली उतरले, चाकामागे हात घातला, चाचपलं. म्हणाले, "नट ताईट हाय. काम बरं केलंत." आणि गाडीत येऊन बसले. काही वेळ त्यांनी किल्ली फिरवलीच नाही.

"जाऊया ना?" मी विचारलं.

"दा वाजून गेले," ते म्हणाले.

जूचंद्रच्या गल्लीत शिरलो. एका जुन्या बैठ्या घरापुढे स्पीडब्रेकर होता. घराला निळं लोखंडी फाटक, आत ओटा, ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी मांडीवर आडवी घेऊन, मान खाली घालून बसलेले. काशीभाऊंनी वेग अगदी कमी केला. गाडी चढली. उतरली. म्हाताऱ्यांनी मान वर केली नाही.

पुढे जाऊन काशीभाऊंनी गाडी वळवली. पुन्हा त्या घरावरून. पुन्हा काही नाही. म्हातारे फाटकाकडे नाही, मनगटावरचं घड्याळ डोळ्याला चिकटवून बघत होते.

तळ्याच्या वळणावर काशीभाऊंनी गाडी थांबवली.

"दादूस हाय माजा," ते म्हणाले. "थोरला भाव. त्यांची नजर आता कमी झाली. कोन आला, कोन गेला, दिसत नाय."

"मग जाऊन भेटा ना."

"आमी बोलत नाय. नऊ वर्सं झाली."

आणि मग त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवून सांगितलं. ही गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली. रविवारी दोघं मिळून ती उघडायचे. उजवं चाक काशीभाऊंचं, डावं दादूसचं. रांगोळीची युक्ती दादूसची. साऱ्या गावात दादूससारखा हात कोणाचा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी गावातल्या रांगोळीच्या प्रदर्शनात दादूसने वारलेल्या वडिलांचा चेहरा काढला. चार दिवस खपून. लोक बघून डोळे पुसत होते. आणि तिथे, सगळ्या गावासमोर, काशीभाऊ म्हणाले, "नाक चुकलं. आबांचं नाक सरल होतं."

"असं म्हणालात?"

"दिसलं ते बोल्लो. गाडीचं बोलतो तसं."

दादूसने हात फिरवून सगळं चित्र पुसलं. त्यानंतर रांगोळीला हात लावला नाही आणि भावाशी शब्द बोलला नाही. त्याच वर्षी काशीभाऊंनी गाव सोडलं; आमच्या इमारतीत आले ते अलीकडे, निवृत्तीनंतर.

"मंग एका रविवारी असाच चाललो होतो. डावी लिंक वाजायला लागली होती. हितं ब्रेकरवर वाजली, खट्-खट्. आनि मागनं आवाज आला, टन् टन्. बगतो तर दादूसनी फाटकावर काठी मारली. दोनदा. पुढच्या रविवारी परत." काशीभाऊ काचेतून बाहेर बघत म्हणाले. "तवापासून तसं हाय. मी खट्-खट्, ते टन् टन्. संपलं. मी मासली घेतो, घरी येतो."

  मला सख्खा भाऊ आहे, नागपूरला. आमचं भांडण नाही. बोलणं चालू आहे. दिवाळीला तो मला दिव्याचं चित्र पाठवतो, मी त्याला तेच परत पाठवतो.

"हॉर्न वाजवा ना," मी म्हणालो.

"हॉर्न म्हंजे बोलावनं झालं," काशीभाऊ जरा चिडून म्हणाले. "आमी बोलत नाय, सांगितलं ना?"

तिसऱ्यांदा गाडी त्या घराकडे निघाली. या वेळी ओटा रिकामा होता. दादूस काठी टेकत फाटक उघडून रस्त्यावर आले होते आणि गल्लीच्या तोंडाकडे डोळ्यांवर हात धरून बघत होते. पांढरी गाडी हातभर अंतरावर आली तेव्हा कुठे ती त्यांना दिसली. त्यांनी काठी आडवी धरली. गाडी थांबली.

ते पुढे आले. बॉनेट चाचपलं. दोन्ही हातांनी डावीकडे दाब दिला, सोडला, कान लावला. मग खिडकीशी येऊन ओरडले, "आवाज कुठं गेला रं, काश्या?"

नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.  जगातल्या प्रत्येक गाडीला बोलतं करणारा माणूस स्टिअरिंग धरून गप्प.

मग मीच म्हणालो, "मी काढला."

"तू कोन?"

"शेजारी."

"मंग शेजाऱ्यानी शेजाऱ्यासारखं ऱ्हावं!" दादूस कडाडले. लगेच त्यांचा आवाज उतरला. "साडेदा वाजले. गाडी नाय. मना वाटलं..."  काठी आपटत आत गेले आणि फाटक लावून घेतलं.

त्या दिवशी आम्ही मासळी घ्यायला विसरलो. घरी येऊन मी पेटी उघडली, वर्तमानपत्राची पुडी काढली आणि तळमजल्यावर नेऊन दिली. वंदनावहिनींनी ती हातात घेतली, उघडून बघितली आणि देवघराच्या फळीवर ठेवली.  मला चहा दिला.

पुढच्या रविवारी काशीभाऊ दहाला जूचंद्रला गेले नाहीत. पार्किंगमध्ये कोबा झाडत होते. गाडी घोडीवर, डावं चाक काढलेलं. कामच डावीकडच्या लिंकचं, म्हणून त्यांनी डावीकडचा कोबा पुसला आणि पहिल्यांदाच तिथे रांगोळीची चिमूट सोडली. मी बॅटरी घेऊन उभा होतो. ऋचा होती. शुभदाही आली होती. नवऱ्याने केलेला घोळ निस्तरताना बघायला बायका वेळ काढतात.

गेटशी रिक्षा थांबली. काठी आधी बाहेर आली, मग दादूस.

कोणी कोणाला या म्हटलं नाही. दादूस वॉचमनचा हात धरून आले आणि काशीभाऊंच्या पाठीमागे उभे राहिले. खाली वाकले, जवळजवळ नाक टेकेपर्यंत. 

"गोला वाकडा हाय," दादूस म्हणाले.

मी डोळे मिटले. काशीभाऊंच्या कामात आजवर कोणी खोट काढली नव्हती. मी प्रयत्न केला होता, पण माझी गोष्ट वेगळी. आता हे पुढची नऊ वर्षं बोलणार नाहीत, असं मला वाटलं.

काशीभाऊंनी तो गोळा तळहाताने पुसला. रांगोळीची वाटी मागे सरकवली.

"तू काढ," ते म्हणाले.

दादूसना बसायला पाव मिनिट लागलं. दोन्ही गुडघे वाजले. चिमूट उचलली, दुसऱ्या हाताने पुसलेला कोबा चाचपला. मग धार पडली. डोळ्यांना दिसत नव्हतं. हात आपला आपण फिरत होता. एक वर्तुळ पुरं झालं, चांगलं पेढ्यासारखं. मग दांडा. मग दुसरा गोळा.

काशीभाऊ शेजारी उकिडवे बसून बघत होते. हळूच म्हणाले, "नाक तसंच होतं, दादूस. जरा वाकडंच होतं आबांचं. मी नंतर फोटोत बगितलं."

"मना काय सांगतोस?" दादूस रांगोळीवरून मान न उचलता म्हणाले. "मीच काढलेलं ना."

मग त्यांनी हात पुढे केला. काशीभाऊंनी दोन्ही लिंका त्यांच्या हातावर ठेवल्या, जुनी आणि नवी. दादूसनी अंगठ्याने दोन्हींचे गोळे हलवून पाहिले. नवी परत दिली. जुनी स्वतः काढलेल्या आकृतीत ठेवली.

"ही लाव."

"आता कशाला?" काशीभाऊ म्हणाले. "आता बोलतोस ना."

"रोज थोडाच बोलनार हाय मी?"

शुभदा डोळे पुसत वर गेली आणि पुरणाची डाळ शिजायला टाकली. काशीभाऊ लिंक बसवत होते, दादूस नट देत होते, ऋचा पाने पुसत होती. मी बॅटरी धरून होतो. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की सकाळचे अकरा वाजलेत, लख्ख ऊन पडलंय, आणि माझ्या बॅटरीची कोणाला गरज नाही. तरी मी ती बंद केली नाही.

हल्ली रविवारी दहाला गेटवर खट्-खट् होतं आणि पांढरी गाडी जूचंद्रकडे वळते. कधी भाऊ बोलतात, कधी नाही, असं वंदनावहिनी सांगतात. टन् टन् मात्र चुकत नाही. पाठोपाठ मीही कधीतरी माझी गाडी काढतो. चार वर्षांची आहे, सगळं नवं आहे, नारळही काढून टाकलाय. ब्रेकरवरून कशी गुपचूप जाते. एवढी गुपचूप की ती गेली हे कोणालाच कळत नाही.

परवा मी नागपूरला फोन लावला. भाऊ म्हणाला, "काय रे, काही झालं का?"

"काही नाही," मी म्हणालो. "आवाज ऐकायचा होता."